मानाची ओव्हर

क्रिकेट या खेळाचा मला लहानपणापासून मनस्वी राग आहे. मिरजेला आमच्या घरी मॅच लागली की बायकांनी टीव्हीसमोरून जायचं नाही, मिक्सर लावायचा नाही, आणि आपली विकेट पडली तर ती मी त्या क्षणी खोलीत आल्यामुळेच पडली, हे मुकाट ऐकून घ्यायचं. माहेरी वडील आणि दोन भाऊ असे, तर सासरी नवरा त्यांच्या वरताण. युद्ध संपून कुवेत पुन्हा उभं राहत होतं, तेव्हा तिथल्या एका खाजगी दवाखान्यात मला फिजिओथेरपिस्टची नोकरी लागली. मुलगी लहान होती, ती सासूबाईंपाशी राहिली. रडून रडून डोळे सुजले होते, त्याच अवतारात विमानात बसले. तरी मनात एक बारीकसा दिलासा होता की वाळवंटात निदान क्रिकेट तरी नसेल.

कसलं काय! खैतानला ज्या इमारतीत मला दोन केरळी नर्सबरोबर फ्लॅट मिळाला, तिच्या तळमजल्यावर मालवण-वेंगुर्ल्याकडच्या मंडळींची खोली होती. सुतार, वेल्डर, रंगारी. बायका-पोरं गावी, आणि ही सगळी माणसं अम्गऱ्याला लाकडाच्या वखारीत आणि वर्कशॉपमध्ये कामाला. शुक्रवार उजाडला की पांढऱ्या पँटी घालून, काथ्याची मॅट गुंडाळून पिकअपमध्ये टाकून ती जी गायब व्हायची, ती उन्हं चढल्यावर लालबुंद तोंडं घेऊन परत यायची. त्यांचे पुढारी सुतारकाका. वय पन्नाशीचं, पोट सुटलेलं, पण कप्तान तेच, कारण मॅट त्यांची. गणपतीत आरतीला मला खाली बोलावणं असायचं आणि शुक्रवारी माशाच्या कालवणाचा वाडगा वर यायचा. मी त्यांना क्रिकेटवरून वाट्टेल ते बोलायची आणि ते ऐकून घ्यायचे. इमारतीतली एकुलती एक मराठी बाई म्हणून मला तेवढी सूट होती.

बाकी माझं आयुष्य म्हणजे दवाखान्याची व्हॅन. सकाळी ती मला अहमदीला न्यायची आणि संध्याकाळी खैतानला आणून सोडायची. नर्सच्या शिफ्टा उलटसुलट, त्यामुळे फ्लॅटमध्ये बहुतेक वेळा मी एकटीच. पहिल्या वर्षी मी एकटेपणानं रडायची, दुसऱ्या वर्षी चिडायची, आणि पुढं कुकरशी बोलायला लागले. दर गुरुवारी संध्याकाळी घरी फोन. मुलगी तेरा-चौदा वर्षांची झाली, तोवर आमचं बोलणं आटून गेलं होतं. जेवलीस का? हो. अभ्यास? झाला. आजीला त्रास देत नाहीस ना? नाही. मग दोघीही पलीकडून काही येतंय का, याची वाट बघायचो. शेवटी ती म्हणायची, "आजीकडे देऊ?" आणि मी म्हणायची, "दे."

अशात एक इंग्रज माझ्याकडे आला. खरं तर पुरुष पेशंट आमच्या दवाखान्यातला इजिप्शियन सहकारी बघायचा. तो लग्नासाठी लांबलचक रजेवर गेला आणि त्याचे पेशंट माझ्या गळ्यात पडले. हा उंच, पन्नाशीकडे झुकलेला, मान विटेसारखी भाजलेली. उजवा खांदा धरला होता. हात कानापर्यंत जात नव्हता. इंग्रज लोक दुखलं तरी हसतात हे मला ठाऊक होतं, म्हणून मी त्याच्या तोंडाकडे न बघता अंगाकडे बघितलं.

आणि मी चक्रावलेच. खांदा तर झिजलेला होताच, पण डावा घोटा जाड झाला होता, डावा गुडघा उजव्यापेक्षा म्हातारा होता. जुन्या एक्स-रेत कमरेच्या मणक्यापाशी चिरेची खूण. डाव्या हाताचं हाड कधी तरी मोडून जुळलेलं. उजवी करंगळी तर अशी वाकडी की तिच्यात अंगठी घातली तर ती निघायची नाही. मी सरळ विचारलं, "तुम्ही पूर्वी हमाली करायचात का?"

तो इतका हसला की शेजारच्या पडद्याआडची कुवेती म्हातारी दचकली. "एका अर्थी, हो," तो म्हणाला. "मी काउंटी क्रिकेट खेळायचो. ऑलराउंडर होतो."

मी कपाळाला हात लावला. मनात म्हटलं, इथंही!

पुढं आठवड्यातून तीनदा तो येत राहिला. बिचाऱ्याला बोलायला कुणी नसावं, आणि मलाही ऐकायला माणूस हवंच होतं, त्यामुळे शेकाचं मशीन चालू असेपर्यंत तो बोलायचा. काउंटी म्हणजे त्यांचा जिल्हा, एवढं मला कळलं. आपल्या सांगली जिल्ह्याकडून कुणी पंधरा वर्षं खेळावं आणि त्यावरच पोट भरावं, तसं. इंग्लंडच्या संघात तो कधी गेला नाही. कधी नाव चर्चेत आलं होतं का, असं मी विचारलं तर म्हणाला, "माझ्या आईच्या स्वयंपाकघरात, दर वर्षी." उन्हाळाभर आपापल्या गाड्या हाकत या गावाहून त्या गावाला जायचं, पाऊस आला की पॅव्हिलियनमध्ये पत्ते कुटायचे, पाऊस थांबला की ओल्या बुटात पुन्हा मैदानात. हिवाळ्यात खेळ बंद, मग कधी ट्रक चालवायचा, कधी विमा विकायचा.

त्याची कारकीर्द मी अशी सांध्यासांध्यानं ऐकली. घोटा आणि गुडघा बॉलिंगचे, कारण धावत येऊन सगळा भार डाव्या पायावर आपटायचा. करंगळी स्लिपमधल्या कॅचची. हाताचं हाड एका वेस्ट इंडियन बॉलरनं मोडलेलं. त्याबद्दल तो असं कौतुकानं बोलायचा, जणू त्या माणसानं त्याला बक्षीस दिलं होतं.

"पण ऑलराउंडर म्हणजे नेमकं काय?" मी एकदा विचारलं.

तो थोडा विचार करून म्हणाला, "खेळपट्टी चांगली असली, बॉल ताजा असला, की बॉलिंग करायला सगळे तयार असतात. दुपारी बॉल जुना झाला, ऊन चढलं, समोरचे दोघं जमले, की बॉलर मंडळी आपल्या बुटांची नाडी बघायला लागतात. तेव्हा कप्तान इकडेतिकडे बघतो आणि बॉल माझ्याकडे फेकतो. मी नाही म्हणत नाही."

"म्हणजे तुम्ही घरातली थोरली सून," मी म्हणाले. मग थोरली सून म्हणजे काय ते त्याला समजावून सांगण्यात त्या दिवशीचा वेळ संपला. त्याला ते फार पटलं.

त्यांच्याकडे एक रीत होती, ती मला फार जवळची वाटली. दर वर्षी मोसमाच्या शेवटच्या दिवशी एकेका खेळाडूला वरच्या मजल्यावर कमिटीसमोर बोलावायचे. पुढच्या वर्षी ठेवायचा की सोडायचा, ते तिथं कळायचं. बाकीचे खाली बॅगा भरायचं नाटक करत बसायचे आणि जिन्यावरून उतरणाऱ्याची पावलं ऐकायचे. मी म्हटलं, आमच्याकडेही मुदीर, म्हणजे मॅनेजर, असाच बोलावतो, कॉन्ट्रॅक्ट संपत आलं की. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, टिकला तर आपण इथले, नाही तर पुढचं विमान. तो म्हणाला, मला दर वर्षी ठेवत गेले. का ठेवतात, असं त्यानं एकदा कप्तानाला विचारलं होतं. कप्तान म्हणाला होता, तू नाही म्हणत नाहीस म्हणून. पुढं गुडघा गेला आणि एका वर्षी जिन्यावरून त्याचीच पावलं जड वाजली.

त्यानंतर तो मुलांना शिकवत देशोदेशी फिरला. आता अहमदीच्या बाजूला एका इंग्रजी शाळेत प्रशिक्षक होता. तेल कंपनीच्या जुन्या बैठ्या घरांपैकी एक त्याला राहायला मिळालं होतं. पुढं कुंपण, चार झाडं आणि आत एक माणूस. बायको कधीच वेगळी झाली होती, मूल नव्हतं, आईवडील गेलेले. इंग्लंडात बहिणीकडे एक खोली होती, तीही भाचा सुट्टीला आला की नसायची. खांदा दुखावला तो शाळेतच, मुलांना सरावासाठी बॉल टाकून टाकून. प्रिन्सिपॉलनं स्वच्छ सांगितलं होतं, की सत्र संपेपर्यंत हात वर जाऊन बॉलिंग जमली पाहिजे, नाही तर तरुण माणूस आणू. म्हणजे हा खांदा सुधारला तर नोकरी, घर, इकामा सगळं राहणार होतं, आणि नाही सुधारला तर बहिणीची खोली. हे त्यानं मला हसत हसतच सांगितलं. मी मात्र हसले नाही. मी त्या खांद्याच्या मागे हात धुऊन लागले.

आमच्या भिंतीवर एक लाकडी शिडी होती, बोटांनी चढायची. पेशंटनं भिंतीशी उभं राहून दोन बोटं एकेका पायरीवर टेकत हात वर न्यायचा. पहिल्या आठवड्यात त्याची बोटं छातीपाशी अडायची. मग हनुवटी, मग कान. एखादी पायरी वाढली की तो माझ्याकडे असं बघायचा, जणू मीच पंच आहे.

दरम्यान एक नवल झालं. एका गुरुवारी फोनवर बोलण्यासारखं काहीच उरलं नाही, तेव्हा मी मुलीला म्हटलं, "माझ्याकडे एक इंग्लंडचा काउंटी खेळाडू पेशंट आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग, "आई! खरंच? बॉलर की बॅट्समन?"

माझ्याच पोटची पोर गल्लीतल्या मुलांबरोबर क्रिकेट खेळते, हे मला ठाऊकही नव्हतं. रक्तच तसलं! पण त्या दिवशी ती माझ्याशी धबाधबा बोलली. "त्याला विचार ना, आउटस्विंग टाकताना मनगट कसं ठेवतात?" मी विचारलं. त्यानं मशीनला जोडलेल्या अवस्थेतच डाव्या हातात टॉवेलचा बोळा घेऊन दाखवलं. ते मी गुरुवारी फोनवर सांगितलं, अर्धं चुकीचं. पुढच्या आठवड्याला नवा प्रश्न आला. आता मुलगी फोन स्वतः उचलायची आणि "आजीकडे देऊ" असं म्हणायची नाही. ज्या खेळाला मी जन्मभर शिव्या घातल्या, त्याच्याच आधारानं मी माझ्या मुलीशी बोलत होते.

असाच एका गुरुवारी फोन चालू असताना सुतारकाका आमच्या स्वयंपाकघरातलं फडताळ दुरुस्त करत होते. फोन ठेवला तर ते हातात रंधा घेऊन माझ्यासमोर उभे.

"बाई, काउंटीचो प्लेअर? आणि तो तुमच्याकडे येता? आणि ह्या तुमी आमका आज सांगतास?"

त्या दिवसापासून तळमजल्यावर दुसरा विषय नाही. तेंका इचारा, आमच्या वांगडा एक शुक्रवार खेळाक येतले काय. मी त्याला विचारलं ते केवळ सुतारकाकांची भुणभुण थांबावी म्हणून. त्याचा चेहरा एकदम उजळला. सत्र संपायला दोन आठवडे होते, बोटं शिडीच्या वरच्या पायऱ्यांना पोचत होती, पण खांद्यातला तो बारीक स्नायू अजून कच्चा होता. मी बजावलं की बॅट हळू फिरवायची, एका जागी उभं राहायचं, बॉलिंगचं नाव काढायचं नाही. तो म्हणाला, "अर्थातच. फक्त बॅटिंग." खाली येऊन मी सुतारकाकांनाही सांगितलं, "साहेब बॉलिंग करणार नाहीत. ते स्वतःच नको म्हणालेत. कळलं?"

"कळला, बाई," काका म्हणाले.

शुक्रवारी मीही गेले. अम्गऱ्याच्या मागं भंगाराच्या वाड्यांपलीकडे सपाट खडीचं मैदान होतं. थंडीचे दिवस, हवा स्वच्छ. समोरचा संघ एका गॅरेजमधल्या पंजाबी आणि हैदराबादी पोरांचा. मॅट अंथरून चार कोपऱ्यांना खिळे ठोकले गेले. मी पिकअपच्या सावलीत खुर्ची टाकून बसले. त्याला पांढऱ्या स्वेटरमध्ये मी पहिल्यांदाच बघत होते. दवाखान्यात तो पोक काढून बसायचा, इथं मात्र ताठ होता.

आता मालवणी माणूस देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय कुठलंही काम सुरू करत नाही. सुतारकाकांनी मॅटच्या टोकाशी नारळ ठेवला, सगळे टोप्या काढून भोवती उभे राहिले, तोही राहिला. काकांनी हात जोडून सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो पावणो सात समुद्रापलीकडसून आमच्यात खेळाक इलो हा, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"तेच्या हातात बळ दी, तेच्या बॉलाक वळण दी, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यावेळी तोही ओरडला आणि सगळे खूश झाले.

बॉलाक वळण हे शब्द ऐकले तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं म्हणा, पण मी हसत होते. नारळ फुटला. काकांनी नव्या बॉलला कुंकवाचं बोट लावलं आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून, वाकून, तो त्याच्यापुढे केला. देवाचा प्रसाद द्यावा तसा. बाकीचे टाळ्या वाजवत होते.

मी खुर्चीवरून उठून धावत सुटले. "काका! मी काय सांगितलं होतं? ते नको म्हणालेत ना!"

काका माझ्याकडे वळून अगदी प्रेमानं, लहान मुलीला समजवावं तसं म्हणाले, "बाई, पावणो पयलो नकोच म्हणता. आग्रह आपणच करूचो असता. घरी बोलवन पावण्याक मान देऊक नाय तर लोक काय म्हणतले? पयली ओव्हर मानाची."

मी स्वतः आयुष्यभर पाहुण्यांच्या ताटावर हात आडवा आला तरी पोळी वाढत आले आहे. मी त्याच्याकडे बघितलं. त्याला यातलं अक्षर कळत नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की कप्तान समोर उभा आहे आणि बॉल त्याच्यापुढे धरला आहे. मी इंग्रजीत म्हणाले, "नाही म्हणा. आत्ता." त्यानं एकदा बॉलकडे बघितलं, मग बॉल घेतला, आणि टोपी काढून पंचाच्या हातात दिली.

पहिले बॉल त्यानं हळू टाकले. मग काय झालं कोण जाणे, तो आणखी दोन पावलं मागे गेला. धावत आला तो मला माझा पेशंट वाटलाच नाही. हात कानाला घासून सरळ वर गेला, शिडीच्या शेवटच्या पायरीच्याही वर, आणि पंजाबी पोराची मधली दांडी उडाली. आमच्या मंडळींनी जो आरडाओरडा केला तो अहमदीपर्यंत गेला असेल. मला क्रिकेटमधलं काही कळत नाही, पण ते देखणं होतं.

एका ओव्हरवर थांबतील तर ते कोकणी कसले! काकांनी पुन्हा बॉल पुढे केला. त्यानं पुन्हा घेतला. मी लांबून ओरडले तर त्यानं हात हलवून मला बसायची खूण केली. ती खूण त्यानं डाव्या हातानं केली. त्यानंतरही तो टाकत राहिला. तीन विकेट घेतल्या. बॉलिंग संपली तेव्हा उजवा हात त्यानं पँटच्या खिशात अडकवून ठेवला होता. बॅटिंगला तो आलाच नाही, म्हणाला, तरुणांना खेळू द्या. दुपारी वर्तमानपत्रं अंथरून सगळे जेवायला बसले. भात, कोलमीचं कालवण, सोलकढी. तो डाव्या हातानं जेवत होता.

"सायबाक डाव्या हातान जेवची सवय आसा," वेल्डर म्हणाला, आणि सगळे कौतुकानं हसले.



पुढच्या वेळी दवाखान्यात त्याची बोटं शिडीच्या खालच्या पायरीवरच थांबली. मी खांद्याला हात लावून बघितलं. स्नायू फाटला होता. इतक्या आठवड्यांची मेहनत, दोघांची, मातीत गेली होती. मी दार लावून घेतलं आणि त्याला अशी काही बोलले की पेशंटला कुणी बोलू नये. नोकरी गेली, घर गेलं, कळतंय का? एक शब्द बोलायचा होता. तोंड होतं ना तुम्हाला? नाही म्हणता येत नव्हतं?

तो शिडीकडे तोंड करून उभा होता. म्हणाला, "मी सोडलं त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून रोज मुलांकडे बॉल फेकतोय. इतक्या वर्षांत माझ्याकडे कुणी फेकला नव्हता."

मी मशीन लावलं. त्याचा काही उपयोग नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

सत्र संपलं तेव्हा प्रिन्सिपॉलनं त्याला बोलावलं. निरोप घ्यायला तो आला तो वेळ न घेता, मधल्या सुट्टीत, दवाखान्याच्या पायऱ्यांवर. यावेळी जिना नव्हता, ऑफिस तळमजल्यावरच होतं, असं म्हणाला. मग एकदम गंभीर झाला. "एक कबूल करा. त्या लोकांना सांगू नका. माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं एवढंच सांगा. त्यांनी मला मान दिला. त्याचं त्यांना वाईट वाटता कामा नये."

मी कधी कुणाचं गुपित पोटात ठेवलेलं नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं सासूबाई चारचौघांत सांगतात. पण मी हो म्हणाले. त्यानं डावा हात पुढे केला, मी तो धरला. माझ्या हाताला त्या माणसाचा प्रत्येक सांधा पाठ होता, आणि यापुढं त्याचा काही उपयोग नव्हता. मला रडू आलं. तो गेल्यावर मी त्याच पायऱ्यांवर बसून राहिले आणि पुढच्या पेशंटला खुशाल ताटकळत ठेवलं.

गुरुवारी मुलीनं विचारलं, "आई, किती विकेट काढल्या त्यानं?" मी म्हटलं, तीन. ती आनंदानं ओरडली आणि घरात सगळ्यांना सांगायला पळाली. फोन तसाच पडून राहिला. मी पलीकडचे आवाज ऐकत उभी राहिले. ती परत आल्यावर बाकीचं सांगायचं मी ठरवलं होतं. ती परत आली आणि म्हणाली, "पुढं त्याला विचार ना..." मी म्हटलं, "विचारेन."

दुसऱ्या दिवशी सुतारकाकांनी मला खाली जेवायला बोलावलं. खोलीत सगळी मंडळी जमली होती. भिंतीला कॅलेंडरशेजारी एक नवा फोटो लावला होता, त्यात तो मधोमध उभा, बाजूला हे सगळे, आणि त्याचा उजवा हात खिशात. काकांनी माझ्या हातात कालवणाचा वाडगा दिला आणि विचारलं, "बाई, सायब परत कधी येतले? पुढल्या शुक्रवारी मोठी मॅच आसा."

"त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, काका. ते गेले इंग्लंडला."

सगळे हळहळले. काका फोटोकडे बघत राहिले. "गुणी माणूस," ते म्हणाले. "इतको मोठो प्लेअर, पण आमी दिला ता सगळा घेतल्यान. एकदा पण नको म्हणूक नाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. माझी भाषा बोलणारी, माझ्यावर जीव लावणारी ती माणसं, आणि त्यांतल्या एकालाही मला खरं सांगता येणार नव्हतं. कुवेतमध्ये मी पुढंही बरीच वर्षं काढली, पण तिथं मला सगळ्यात एकटं वाटलं ते त्या भरल्या खोलीत. काका म्हणाले, "बाई, जेवा ना, आणि थोडा वाढू?" मी नको म्हणाले. त्यांनी वाढलं.